आरशाच्या पाठीवरचा चेहरा

त्या आरशाचे प्रकरण आठवले की आजही माझे मलाच हसू येते, कारण तपासाच्या पहिल्याच तासात मी चुकीचा माणूस ठाण्यात आणून बसवला होता.

ऐंशीच्या दशकात मी राजुऱ्याला फौजदार होतो. एका सकाळी एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी बालवाडीत शिकवायची, लग्न ठरलेले. त्यांनी टेबलावर खिशात मावेल असा गोल आरसा ठेवला. जत्रेत मिळतो तसला, पाठीवर नटीचा फोटो असलेला. फक्त या आरशावर नटी नव्हती, त्यांची मुलगी होती.

"जावयाच्या भावानं जत्रेतून आणला जी. कोळशाच्या खाणीतली पोरं खिशात घेऊन हिंडून राह्यली. व्याही म्हणते, पोरगी असे फोटो वाटत फिरते काऊन? जवाब द्या, नाई तं सोयरीक मोडली."

फोटोच्या खालच्या कडेला पांढऱ्या अक्षरांत गावातल्या स्टुडिओचे नाव होते. मला आणखी काय हवे? स्टुडिओवाल्या चाचांना लगेच बोलावून घेतले. जेवायच्या आत गुन्हा उघडकीस येणार, या आनंदात मी चहाही सांगितला.

चाचांनी आरसा उलटसुलट पाहिला. "साहेब, चोर आपलं नाव टाकून चोरी करते का? कोणी फोटो चोरू नये म्हणून तं निगेटिव्हवर शाईनं नाव लिहितो मी."

आमचे हवालदार खिडकीबाहेर पाहू लागले. ते हसत आहेत हे मला पाठमोऱ्या खांद्यांवरूनही कळले.

"मग फोटो बाहेर गेला कसा?"

"एक कॉपी यांना दिली, एक शोकेसमध्ये लावली. लई छान आला होता."

मुलगी पुढे झाली. तिने आरसा हातात घेतला. "माह्या खांद्यावर ही पांढरी दांडी कायची? घरच्या फोटोत तं नाई."

आम्ही सगळी वरात स्टुडिओवर नेली. समोरच्या पानठेल्यात अंधार, म्हणून तिथे दिवसाही ट्यूबलाइट जळायची. तिचे प्रतिबिंब शोकेसच्या काचेत, नेमके मुलीच्या खांद्यावर पडले होते. म्हणजे कोणीतरी रस्त्यातच उभे राहून, काचेतून फोटोचा फोटो काढला होता.

पानठेलेवाल्याला विचारले. तो म्हणाला, "जत्रेतला आरसेवाला होता साहेब. गळ्यात कॅमेरा. मले वाटलं, शोकेस आवडली त्याले."

आरसेवाला पोंभुर्ण्याच्या बाजारात सापडला. त्याने काही लपवले नाही. "फोटो रस्त्यावर लावला होता, साहेब. रस्त्यावरचं सगळ्यांचंच. नट्यांचे फोटो वापरतो, त्यांनाही कुठं विचारतो?" उरलेले आरसे मुद्देमाल म्हणून जप्त केले, पंचनामा केला, जबाब घेतला.

व्याह्यांच्या घरी मी स्वतः गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. "पोरीचा दोष नाई, समजलं," ते म्हणाले. "पण पोरायच्या खिशात ते आरसे हायेतच ना? उद्या ती सून म्हणून इथी कशी वावरंल?"

यावर माझ्याकडे कलम नव्हते. उपाय चाचांनी काढला. खाणीच्या फाटकाशी पडदा टांगून ते कॅमेरा घेऊन बसले: त्या मुलीचा आरसा द्या, स्वतःचा फोटो फुकट काढून घ्या. पाळी सुटली की पोरे केस विंचरून रांगेत. "चाचा, गोरा काढा जरा." "कोळसा धुऊन ये आधी." आरसे येत गेले. काही पोरांना ती कोण हे कळल्यावर त्यांनी फोटो न काढताच आरसा ठेवला आणि मान खाली घालून वाट धरली.

लग्न ठरल्या तिथीला लागले. त्यानंतर चाचा शोकेसमधल्या फोटोंवर नाव कडेला नाही, मधोमध टाकू लागले.

घरी हे सगळे मी रंगवून सांगितले. वर तात्पर्यही जोडले, की आपली वस्तू जपायची तर तिच्यावर नाव असे हवे की ती दुसऱ्या कोणाला वापरताच येऊ नये. माझी बायको आरमोरीकडची. तांदूळ निवडता निवडता तिने सगळे ऐकले.

"तुमचं नाव-नाव झालं असंल तं एक सांगा," ती म्हणाली. "शोकेसात लावू का म्हणून त्या पोरीले कोणी इचारलं होतं का?"