गणपतीच्या आत परत

रत्नागिरीच्या कोर्टाबाहेर टायपिस्टच्या टेबलाशी माझा नंबर एका गृहस्थाच्या मागे होता. त्याची वेगळी राहणारी बायको मुलीला मे महिन्यात सिंगापूरला फिरायला नेणार होती. बापाच्या संमतीपत्राशिवाय पोरीला जाता येणार नव्हतं. हा मात्र पेनाचं टोपण काढी, सहीच्या जागेवर फुंकर मारी आणि टोपण परत लावी. बायको शेजारीच हाताची घडी घालून उभी. फुकटात नाटक! मी पुढे सरकलो.

"एक अट घाला," तो टायपिस्टला म्हणाला. "गणपतीच्या आत मुलगी घरी परत."

"अहो, आठ दिवसांची सहल ती! गणपतीला चार महिने आहेत."

"असू दे हो, लिहायला काय जातंय? आणि मुलीबरोबर तिची आईसुद्धा, असं घाला. आमच्याकडे मोदक दुसऱ्या कुणाला वळता येत नाहीत."

टायपिस्टनं खरंच तेही टाइप करून कागद पुढे केला. रांग फिदीफिदी हसली, मी सगळ्यांत मोठ्यानं. बाई हसली नाही. तिनं कागद ओढून 'आईसुद्धा' खोडलं.

"मोदक डब्यातून पाठवीन, असं लिहा."

"किती?" त्यानं खाली बघतच विचारलं.

"एकवीस."

त्यानं टोपण काढलं, आणि सही केली.