सुटलेल्या चपला

कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत तो आमच्या पाठीमागे स्टुलावर बसलेला असायचा, मांडीवर वही घेऊन. वेबसाईट बघताना माणसाला मजा कधी येते, यावर त्याची पीएचडी चालली होती. मालकाची परवानगी होती, आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या तोंडाकडे तो बघायचाच नाही. "तोंड खोटं बोलतं ताई, पाय नाही बोलत," म्हणायचा. मजा आली की पाय आपोआप चपलेतून बाहेर येतात, हा त्याचा शोध. कुणाची चप्पल सुटली की वहीत बरोबरची खूण. मला त्याचा राग यायचा आणि धास्तीही वाटायची. मागे पेन्सिल करकरली की मी पाय आवळून घ्यायचे.

त्या आठवड्यात आखातात युद्ध पेटलं होतं. माझा भाऊ तिथे नोकरीला होता आणि पाच दिवस त्याची मेल आली नव्हती. मी इनबॉक्स उघडत होते, बंद करत होते, परत उघडत होते. मागे पेन्सिल करकरली. खाली बघितलं, तर माझे दोन्ही पाय गार फरशीवर, बोटं आखडलेली.

"आज लय मजा आली ना ताई?" तो खुशीत म्हणाला. "पाऊण तास पाय बाहेर! एवढा वेळ कुणाचेच नव्हते."

मी मागे वळले. त्यानं पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. मग तो वहीची आधीची पानं उलटायला लागला. पानापानावर खुणा होत्या.

"ताई," त्यानं हळूच विचारलं, "मग ह्या बाकीच्यांना काय झालं होतं?"