सावळ्या रंगातले रंग

माझी भाची मीरा. घरात तिची ओळख सगळे एकाच वाक्यात करून देत, "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." त्या 'पण'मुळे ती फोटोत नेहमी मागे उभी राहायची.

काल तिच्या कॉलेजच्या प्रदर्शनात तिने रंगवलेला तिचाच चेहरा पाहिला, भिंतभर मोठा.

"मावशी, आधी मी स्वतःला उजळच रंगवायचे," ती म्हणाली. "मग आरशासमोर बसून खरा रंग जमवला. किती रंग लागले माहितीये? पिवळा, जांभळा, थोडा हिरवासुद्धा!"

आम्ही एका शब्दात उरकलेल्या रंगात एवढं सगळं होतं तर! मी खिडकीतल्या उन्हात माझा हात धरला. आम्हा दोघींचा रंग एकच. मनगटापाशी खरंच जांभळी छटा होती. मला ती आवडली.