माफीनामा मी लिहिला नाही

"उभी राहा."

मी उभी राहिले. साठ मुलींचा वर्ग. अंधेरीचं नर्सिंग कॉलेज, पहिला आठवडा. मॅडमच्या हातात माझा कागद होता.

सकाळी सगळ्यांना एक छापील कागद वाटला होता. वर मथळा, अभ्यासाची तयारी आणि वैयक्तिक सज्जता. खाली प्रश्न. हो किंवा नाही, खूण करायची. मला वाटलं, खरं लिहायचं असतं. मी खरं लिहिलं.

मॅडम मोठ्याने वाचायला लागल्या. "अभ्यासाला स्वतंत्र टेबल, नो. शांत खोली, नो. लॅपटॉप, नो. घरात इंग्लिश समजणारं कोणी, नो."

चौथ्या नोला मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मग सगळ्याच.

"आडनाव काय?"

सांगितलं.

"अच्छा."

ते अच्छा मला शाळेपासून माहीत आहे. आडनाव ऐकलं की माणसं असं अच्छा म्हणतात. जणू हरवलेली वस्तू जागेवर सापडली.

"आई काय करते?"

"नर्सिंग होममध्ये मावशी आहे, मॅडम. वॉर्ड साफ करते."

"चला, एका कामाची तरी सवय असेल तुला." मग वर्गाकडे बघून म्हणाल्या, "अशांना सीट मिळते आणि चांगल्या मुली बाहेर राहतात. बस खाली."

मी बसले. पुढचा तासभर त्या काय शिकवत होत्या ते आजही मला सांगता येणार नाही.

आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर राहतो. मामाची खोली. मामा, मामी, त्यांच्या दोन मुली, आई आणि मी. बाप गेल्यावर मामाने घरात घेतलं. तो तरी कुठवर जागा देणार? कॉलेजात सांगितलं होतं, वेळापत्रक करा, भिंतीवर लावा, रोज तीन तास वाचा. मी केलं. लावलं. मामीने त्याच खिळ्याला ओला टॉवेल अडकवला. शाई ओघळली. मामीचंही काय चुकलं? खिळा एकच होता.

मी पहाटे वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत जाऊन बसायचे. दहावीपर्यंत मराठी शाळा. पुढ्यात हे जाड इंग्रजी पुस्तक. एका पानाला तास लागायचा. आधी शब्दांचे अर्थ, मग वाक्य, मग परत पहिल्यापासून. पान उलटेपर्यंत वरचं विसरलेलं असायचं. कितीदा पुस्तक मिटून ठेवलं. मॅडम खरंच बोलल्या असतील, असं वाटायचं. आपल्यासाठी नाहीच हे. उगाच सीट अडवली कोणाची तरी.

प्रॅक्टिकल मात्र मी घरी शिकले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ कशी पुसायची, कशी चोळायची, ते पुस्तकात दोन पानं होतं. आई जमिनीवर पालथी पडायची. "कर. मी पेशंट." अठरा वर्षं नर्सबाईंच्या मागे लादी पुसत तिने सगळं बघून ठेवलेलं. "खांद्यापासून नको गो, खालून वर ने हात." मी कोमट पाण्याने पाठ पुसली, तेल लावलं, गोल गोल चोळली. बघते तर आई झोपलेली. तिच्या पाठीला कधी कोणी असा हात लावला नसेल. मी थांबलेच नाही. हात दुखेपर्यंत चोळत राहिले.

मग वॉर्ड सुरू झाला. बायकांचा मेडिकल वॉर्ड, सहा आठवडे. प्रत्येकीला एक वही मिळाली. प्रत्येक काम अमुक वेळा करायचं आणि मॅडमची सही घ्यायची. वही भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही.

पहिल्या दिवशी मॅडमनी कामं वाटली. कोणाला ताप बघायला, कोणाला बीपी. मला म्हणाल्या, "तू बेडपॅन."

दुसऱ्या दिवशीही बेडपॅन. तिसऱ्याही. दोन आठवडे. बाकीच्यांच्या वह्या भरत होत्या. माझ्या वहीत एकच रकाना भरून वाहत होता.

मला त्या कामाची घाण नाही वाटली कधी. माणूस पडून असतो, त्याला लाज वाटत असते, आपण पडदा ओढायचा, चेहरा सरळ ठेवायचा. हे नर्सचंच काम आहे. पण मग साठ जणींचं आहे. एकटीचं का?

विचारलं नाही. तेव्हा तेवढी हिंमत नव्हती.

माझ्या शेजारी ऋचा असायची. मुलुंडची. बाबा बँकेत. चांगली मुलगी. डब्यातलं थालीपीठ अर्धं मला द्यायची. मला पहिल्यांदा बीपीचा पट्टा तिनेच बांधायला शिकवला, मॅडम चहाला गेल्यावर, स्वतःच्याच हातावर.

नऊ नंबरच्या खाटेवर मनोरीची एक कोळीण आजी होती. गुडघे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं दुकानातून गोळ्या आणून खायची. अशक्तपणा म्हणून भरती केलेली. मला बघितलं की म्हणायची, "आली माझी पोर."

त्या सकाळी ती म्हणाली, "पोरी, पोटान आग हाय गो."

मी भांडं काढलं. शौच काळी होती. डांबरासारखी, चिकट. आणि वास. दोन आठवडे रोज मी तेच काम करत होते, हा वास वेगळा होता. पहाटे अभ्यासिकेत जे पान मी पाच वेळा वाचलं होतं त्यात हेच होतं. पोटात कुठेतरी रक्त जात असलं की असं होतं.

मी भांडं झाकून ठेवलं, हात धुतले, मॅडमकडे गेले. साडेनऊ वाजले होते. ऋचा तिथेच बीपी लिहीत होती.

"मॅडम, नऊ नंबरची शौच काळी आहे. डांबरासारखी. बघता का?"

मॅडमनी मान वर केली नाही. "आयर्नच्या गोळ्या असतील. त्याने काळी होते."

"आयर्न चालू नाहीये, मॅडम. मी केसपेपर बघितला."

आता त्यांनी बघितलं. "पेपर बघायला तुला कोणी सांगितलं? आता तू मला शिकवणार? जा, भांडं ओतून ये."

मी ओतून आले.

हेच. हेच मला आजही खातं. मी ओतून आले. सिस्टरकडे गेले नाही, डॉक्टरकडे गेले नाही. नळाखाली भांडं धरलं आणि सगळं वाहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजीला रक्ताची उलटी झाली. चादर, गाऊन, माझा हात. डोळे पांढरे. पळापळ. डॉक्टर ओरडले, "स्टूल कोणी बघितलं होतं? पेपरवर काहीच कसं नाही?"

मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. "बेडपॅन हिच्याकडे होतं. हिने सांगितलंच नाही."

मी ऋचाकडे बघितलं. ती हातातल्या पट्ट्याची गुंडाळी करत होती. तिने ती सोडली आणि परत गुंडाळली.

आजीला आयसीयूत नेलं. जिन्याखाली मी ऋचाला गाठलं. "तू ऐकलं होतंस ना?"

"यार, माझे इंटर्नलचे मार्क तिच्याच हातात आहेत." ती रडत होती. "सॉरी ना. सॉरी."

मॅडमनी मला माफीनामा लिहून द्यायला सांगितलं. माझ्या निष्काळजीपणामुळे, असं सुरू करायचं. नाहीतर पालकांना घेऊन ये.

त्या आठवड्यात मी जेवू शकत नव्हते. हाताला वास येतोय असं वाटायचं. डोंगराच्या पायऱ्या चढताना मध्येच बसायचे. लिहून टाकावं. एक कागद तर आहे. लिहून टाकावं, सुटावं. नाहीतर कॉलेजच सोडावं, मामी म्हणते तसं कुठल्यातरी दुकानात लागावं. तीन वेळा लिहायला बसले. 'माझ्या' इतकंच लिहून व्हायचं.

आई आली. अर्धा दिवस सुट्टी टाकून, ठेवणीतली साडी नेसून. प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये चार खुर्च्या होत्या, दोन रिकाम्या. तिला कोणी बस म्हणालं नाही. तिनेही बसायचा विचार केला नाही.

मॅडमनी सगळं सांगितलं. त्यांच्या बाजूचं. शेवटी म्हणाल्या, "पेशंट मेली असती तर?"

आईने हात जोडले. फिनाइलने भेगाळलेले हात. "चुकलं असेल पोरीचं, बाई. लहान आहे. पदरात घ्या." आणि ती वाकायला लागली. मॅडमच्या पायांकडे.

मी तिचं मनगट धरलं.

"आई, हात खाली घे."

"गप गो."

"खाली घे. मी सांगितलं होतं."

मी प्रिन्सिपलकडे वळले. "साडेनऊला मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या आयर्नच्या गोळ्या असतील. पेशंटला आयर्न चालू नव्हतं. मला ओतून यायला सांगितलं. मी ओतलं, तेवढी चूक माझी. बाकीची माझी नाही."

प्रिन्सिपल म्हणाल्या, "कोणावर आरोप करतेयस कळतंय का तुला?"

"कळतंय."

टेबलावर माफीनाम्यासाठी कोरा कागद ठेवला होता. मी उभ्या उभ्या त्याच कागदावर लिहिलं. तारीख. वेळ. खाट नंबर. काय बघितलं, कोणाला सांगितलं, काय उत्तर मिळालं. मराठीत. खाली सही.

मॅडम म्हणाल्या, "इंग्लिशमध्ये लिहायचं असतं."

"तुम्हाला मराठी वाचता येतं, मॅडम."

मी पोच मागितली. दिली नाही. मी मोबाईलने कागदाचा फोटो काढला आणि आईला घेऊन बाहेर आले.

बाहेर रस्त्यावर आईने माझ्या थोबाडीत मारली. भर रस्त्यात. "वाकूनच टिकलं सगळं. माझी नोकरी, तुझं शिक्षण. कळतं का तुला?"

"किती वर्षं वाकलीस?"

ती पदर सावरून पुढे चालायला लागली. तीन दिवस बोलली नाही.

चौकशी झाली नाही. माझा कागद कुठे गेला माहीत नाही. वॉर्डचे माझे सहा आठवडे धरले नाहीत. ऋचा आणि बाकीच्या परीक्षेला बसल्या, मी नाही. आजीला घरचे दुसऱ्या हॉस्पिटलला घेऊन गेले. वाचली का, मला माहीत नाही. मनोरीला जाऊन विचारावं असं शंभर वेळा मनात आलं. पाय उचलला नाही.

सोमवारपासून परत वॉर्ड आहे. माझ्यापेक्षा लहान मुलींबरोबर. मॅडम त्याच.

बेडपॅन वाट्याला आलं तर काढीन. माझ्या वाट्याचं काढीन, साठ जणींचं नाही. बीपी मागून घेईन. इंजेक्शन मागून घेईन. नाही दिलं तर का नाही, ते लेखी मागेन. आणि खाटेवरच्या माणसाचं जे दिसेल ते आधी सिस्टरला, मग डॉक्टरला सांगेन, आणि त्यांच्यासमोर पेपरवर लिहून घ्यायला लावीन. वेळेसकट. माझ्या आडनावासकट.

ज्याला खोडायचं असेल त्याने माझ्या डोळ्यांदेखत खोडावं.