बिसरामचा काढा

दरेकशाजवळच्या एका गावात बिसरामची दोन एकर धानाची शेती. जोडीला हिरडा, बेहडा, मोहफुलं गोळा करून गोंदियाच्या व्यापाऱ्याला द्यायची. जंगलातली कोणती साल कशावर चालते, हे त्याला पाठ. गावात कुणाला खोकला झाला, तर दवाखान्याआधी माणसं त्याच्या ओसरीवर येत.

बायको अनुसयाबाई एक्केचाळिसाव्या वर्षी आजारी पडली. आधी बोटांचे सांधे धरले, मग गालांवर लाल चट्टे उठले. उन्हात गेली की ताप. दीड वर्षाने नागपूरच्या दवाखान्यात आजाराचं नाव कळलं, ल्युपस. तिथे या आजारावर संशोधन चालू होतं. त्या कामावरची तरुण डॉक्टर रुची म्हणाली, "काका, रोगाशी लढणारी शक्ती प्रत्येकाच्या अंगात असते. काकूंची शक्ती त्यांच्याच अंगावर उलटली आहे. कशामुळे, ते आम्ही शोधतोय. या गोळ्या तिला आवर घालतात."

"म्हंजे घरचाच कुत्रा चावून राहिला," अनुसयाबाई म्हणाली.

रुचीला हसू आलं. अनुसयाबाईने अभ्यासात नाव दिलं. दर तीन महिन्यांनी दोघं रेल्वेने जात, ती रक्त देई आणि रुची अर्ज भरून घेई. गोळ्यांनी तिला वर्षभर बरं वाटलं.

मग कोरोना आला. फोन लावला तरी तेच, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरही तेच: प्रतिकारशक्ती वाढवा. गावात दोन माणसं गेली. बिसरामला घोर लागला. साऱ्या जगाने जी शक्ती वाढवायची, तीच आपल्या बायकोची गोळ्यांनी कमी होते आहे. त्याने गोळ्या बंद केल्या नाहीत. फक्त कडुलिंबावर चढलेली गुळवेल आणली, ठेचून उकळली आणि रोज सकाळी पेलाभर तिच्या हाती देऊ लागला.

"जहर हाये अजी. कोणत्या जन्माचं उट्टं काढून राहिले?"

"पी वो चुपचाप. ताकद येते."

ती नाक दाबून प्यायची. आठ महिने प्यायली.

गाड्या सुरू झाल्यावर दोघं पुन्हा नागपूरला गेली. अर्जात एक प्रश्न होता: दुसरं काही औषध घेता का? जंगलातल्या औषधाचं नाव काढलं की डॉक्टर रागावतात, असा बिसरामचा अनुभव. तो म्हणाला, "नाही, मॅडम." अनुसयाबाईने त्याच्याकडे फक्त पाहिलं. चार लोकांत नवऱ्याचं बोलणं खोडायचं नाही, हे ती माहेराहून शिकून आली होती.

काढा चालूच राहिला. पावसाळ्यात तिच्या पायांवर सूज चढली. आजार किडनीपर्यंत पोचला होता. रुचीने तो प्रश्न दोनदा विचारला. दोन्ही वेळा बिसरामने नाही म्हटलं. धान निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या, त्या दिवसांत अनुसयाबाई गेली.

तेरवी झाली. त्यानंतर पाचव्या दिवशी बिसराम एकटाच नागपूरला गेला. रुचीने खुर्ची दिली, पाणी दिलं. तो उभाच राहिला.

"मॅडम, मी खोटं बोललो होतो. मी तिले गुळवेल पाजत होतो. रोज."

रुचीने अनुसयाबाईची फाइल उघडली.

"त्यानंच झालं का?"

"सांगता येत नाही, काका. हा आजार आपोआपही उसळतो. गुळवेल त्या शक्तीला चेतवत असेल, असा संशय आहे. पण काकूंच्या बाबतीत तसंच झालं, असं मी म्हणू शकत नाही."

"मंग समजन कवा?"

"कदाचित कधीच नाही."

तिने हो म्हटलं असतं तर तो ते घेऊन घरी गेला असता. नाही म्हटलं असतं तरी गेला असता. आता कुठे जावं, हे त्याला कळेना. तो खुर्चीवर बसला.

"तुमच्या अभ्यासातल्या बाकीच्या बाया," तो म्हणाला. "त्यांनले इचारलं का? अर्जावर नोका इचारू. अर्जावर सारेच नाही म्हंतात."

रुचीने यादी काढली आणि त्याच्यासमोरच फोन लावायला सुरुवात केली. दोघी नाही म्हणाल्या. तिसरी भंडाऱ्याकडची होती. फोनमधून तिचा आवाज बिसरामला स्पष्ट ऐकू आला. "हो मॅडम, गुळवेल घेतो ना. सासूबाई रोज करून देते. कायले, काही झालं का?"

"आजपासून बंद करा," रुची म्हणाली. "आणि सासूबाईंना फोन द्या. त्यांना रागावायचं नाही, समजावून सांगायचं आहे."

बिसराम मान खाली घालून ऐकत होता.