नारळाच्या मुलखात धोंडीबा

एक्याऐंशी साली आमच्या गावात बोअरची गाडी आली, तेव्हा सगळे म्हणाले, जागा धोंडीबाला विचारा. धोंडीबा आला, पण दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून उभा राहिला आणि इंजिनिअरनं दाखवलेल्या जागेकडं नुसती मान हलवून निघून गेला. माणसं फिदीफिदी हसली. मला त्यांचा असा राग आला म्हणता! हा माणूस नारळाच्या मुलखात नारळ घेऊन गेला होता आणि तिथून काय घेऊन परत आला, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

बहात्तर साली मी गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि धोंडीबा आमच्या भागातला पाणाड्या. सकाळी उपाशीपोटी, अनवाणी, कुणाशी अक्षर न बोलता तो रानातून चालायचा. उजव्या तळहातावर नारळ आडवा. खाली पाणी असलं की तो नारळ शेंडी वर करून उभा राहायचा. त्या नारळाचाही नेम होता. तो खायचा नाही. विहिरीला पाणी लागलं की त्याच पाण्यात सोडायचा आणि तोवर पाणाड्यानं घरी जपायचा. माझा यावर काडीचा विश्वास नव्हता. पण सोसायटीनं विहीर मंजूर केली की लोक माझा कागद खिशात घालून आधी धोंडीबाचं घर गाठायचे.

त्या चैत्रात त्याचा धाकटा भाऊ ज्ञानोबा स्वतःच्याच विहिरीत गेला. जागा धोंडीबानं दाखवलेली, बांधावरच्या चिंचेजवळ. चाळीस हात खोदलं तरी खडक कोरडा ठाक. सुरुंगानं कडेची दरड सैल झाली होती, ती ज्ञानोबाच्या अंगावर आली.

मागं राहिली त्याची बायको चांगुणा. मूलबाळ नव्हतं. तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला, चिंचेला दोर बांधला आणि पहार घेऊन त्याच विहिरीत उतरली. फुटलेल्या दरडीचा निम्मा भाग अजून कडेला लोंबत होता. तो आज ना उद्या पडणार हे आंधळ्यालाही दिसलं असतं. गावानं समजावलं, मी समजावलं, ती ऐकेना. मोठ्या दिरासमोर कधी तोंड वर न केलेली बाई, पण तिनं धोंडीबाला सरळ विचारलं, "भावजी, नारळ खरं बोलला व्हता का? व्हय असलं तर म्या खोदते. न्हाय असलं तर न्हाय म्हना, म्या वर येते."

धोंडीबा पेचात पडला. व्हय म्हणावं तर ती दरडीखाली मरणार. न्हाय म्हणावं तर भावाला आपणच मारलं. खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं आणि खरं काय ते त्याला माहीत नव्हतं. नारळाची परीक्षा घ्यायची तर खाली नक्की पाणी असलेली जमीन पाहिजे, आणि त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात तशी जमीन वीतभरही उरली नव्हती.

तुळजापुरात कल्याणप्पांचं नारळाचं दुकान होतं. त्यांचा माल मंगळूरकडून लॉरीनं यायचा. तिकडून आणखी खाली कोचीच्या खाडीत बेटं आहेत, वाळू उकरली की हातभरावर गोडं पाणी, असं ते नेहमी सांगायचे. आषाढात धोंडीबा त्यांच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

"आत्ता कशाला जाता?" कल्याणप्पा म्हणाले. "तिकडं आभाळ फाटलंय. कुत्रंसुद्धा बाहेर पडत न्हाय. दिवाळी झाल्यावर जावा."

पण दरड काय दिवाळीची वाट बघत थांबणार होती? राहिलेला माल आणायला शेवटची लॉरी निघाली होती, तीत धोंडीबा चढला. पाठीला गोणपाटाची पिशवी. आत घोंगडी, वाळल्या भाकरी, चटणी आणि त्या विहिरीचा जपून ठेवलेला नारळ. "म्या येईस्तवर उतरू नगंस," असं तो चांगुणाला सांगून गेला होता. ती पहार घेऊन विहिरीकडं निघाली होती.

घाट उतरल्यावर त्याला पाऊस भेटला. आमच्याकडं दोन वर्षांत पडला नसेल एवढा एका दिवसात. "सेक्रेटरी, म्या रडलो," तो मला पुढं म्हणाला. "लाजच न्हाय त्या आभाळाला." घोंगडी वाळेना, भाकरीला बुरशी आली, पायांना चिखल्या झाल्या. मंगळुरात त्याचं सीमेवरच्या बाजारात शिकलेलं मोडकंतोडकं कानडी चाललं, कोचीला तेही संपलं. तो नारळ दाखवून खुणा करायचा आणि लोकांना वाटायचं, विकायला आलाय. जिथं अंगणाअंगणात नारळ पडलेले, तिथं हा गडी एक सुका नारळ पोटाशी धरून भिजत हिंडतोय! मीही हसलो असतो.

अखेर तो लाँचनं एका बेटावर उतरला. धक्क्याजवळच्या लॉजात पावसाळ्यात चिटपाखरू नव्हतं. मालकानं फरशा पुसायच्या बोलीवर माडीवरची खोली दिली. शेजारच्या म्हातारीनं त्याला तहान लागल्याचं ओळखलं, अंगणाच्या कडेला करवंटीनं वाळू उकरली आणि वर आलेलं पाणी प्यायला दिलं. गोड होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी धोंडीबानं त्याच जागी तळहातावर नारळ ठेवला. नारळ आडवाच राहिला.

तो अकरा सकाळी ते बेट पालथं घालत होता. ज्या वाळूवर पाय दाबला की टाच ओली होते, तिथंसुद्धा नारळ हलला नाही.

बाराव्या दिवशी दाराबाहेर पाऊल टाकता येईना असा पाऊस लागला. धोंडीबा खोलीत लाकडी फळ्यांवर उभा होता, हातावर नारळ, आणि मनात ज्ञानोबा. जागा बघायच्या दिवशी ज्ञानोबा आदल्या सांजेलाच म्हणाला होता, "दादा, चिंचेपाशीच लागू दे रं. सावलीला बैलं बी बांधता येतील." ते आठवलं आणि हातावरचा नारळ शेंडी वर करून उभा राहिला. माडीवर. खाली लॉजाचं स्वयंपाकघर.

"हात माजाच व्हता, सेक्रेटरी," तो म्हणाला. "त्याला जितं पायजे व्हतं, तितं मला बी पायजे व्हतं. नारळाचा काय दोष?"

त्या दिवशी तो धक्क्यावर जाऊन बराच वेळ पाण्याकडं बघत बसला होता. उडी टाकली नाही ती एवढ्याचसाठी, की चांगुणाला न्हाय म्हणायला दुसरं कुणी नव्हतं. परत येताना घाटात दरडी कोसळलेल्या, रस्ते बंद. काही चालत, काही लॉरीवर असं करत तो दसऱ्याच्या आधी तुळजापूरला पोचला. तिथून एसटीनं आला, तो स्टँडवर मलाच दिसला. हाडांचा सापळा झाला होता. त्यानं एकच विचारलं, "हाय का?"

"हाय," मी म्हणालो. "हिरीतच हाय."

आम्ही तसेच रानात गेलो. आमच्याकडं पावसाचा थेंब नव्हता, अर्धं गाव खडी फोडायला गेलेलं. चांगुणा आणखी तीन हात खाली गेली होती. दरड तिच्या डोक्यावर तशीच लोंबत होती. धोंडीबा काठावर गुडघे टेकून ओरडला, "चांगुणा, वर ये! नारळ खोटा व्हता. म्याच खोटा व्हतो!"

पहारेचा आवाज थांबला. ती दोराला धरून वर आली, हात सोलवटलेले, अंगभर धूळ. तिनं डोक्यावर पदरही घेतला नाही.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "त्यास्नी वर काढलं त्या दिसापास्नं."

माझं डोकंच फिरलं. "मग मरायला उतरत होतीस का, बाई?"

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. "पानी लागलं न्हाय, तर त्यास्नी तुमी मारलं असं व्हतंय, भावजी. मंग मला जलमभर तुमचं तोंड बघाय नको. आन् तुमी सोडून माजं हाय कोन? म्हनून म्हनलं, पानीच काढावं. आता तुमीच तोंडानं कबूल झालात, मंग मला राग कशाचा?"

धोंडीबा लहान लेकरागत रडला. मलाही आवरेना. चांगुणानं त्याच्या पिशवीतून नारळ काढला आणि काठावरच्या धोंड्यावर आपटला. आतलं पाणी केव्हाच आटून गेलं होतं, नुसतं खोबरं उरलं होतं. तिनं एक तुकडा दिराला दिला, एक मला. तो नारळ खात नाहीत म्हणून मी हातातच धरून बसलो.

"खावा," ती म्हणाली. "या हिरीला पानी लागायचं न्हाय आता."

धोंडीबानं उठून दोर वर ओढला, चिंचेची गाठ सोडली, आणि मग तुकडा तोंडात घातला.