लाल साबणाचा वास

लाल साबणाचा वास आला की पोलादपूरचा सरकारी दवाखाना आठवतो. मी तिथे नर्स होते. एका पावसाळ्यात जवळच्या गावावर दरड कोसळली; तिच्याखालून माणसं काढणाऱ्यांना पुढे कित्येक महिने आमच्या डॉक्टरीणबाई एकेक करून बोलावत. झोप लागते का, दचकायला होतं का, विचारत. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर म्हणाला, "माझं सगलं बरं हाय, बाई." दारातून त्याची बायको बोलली, "कसलं बरं? मयतावरनं आल्यागत रोज भायेर आंघोळ करतात, मगच घरात येतात. दरड पावसात पडली, आता शिमगा आला!" त्याने हात मागे लपवले. बाईंनी ते हळूच पुढे घेतले. धुऊन धुऊन चिरा पडलेल्या, साबणाचा उग्र वास. "शेवटी कोणाला काढलंत?" त्यांनी विचारलं, आणि तो कितीतरी वेळ बोलत राहिला. मी निवृत्त झाले, पण कुणी 'बरं हाय' म्हणालं की अजून माझी नजर आधी हातांवर जाते.